संकलनाचा प्रोजेक्ट दुसऱ्याच्या हाती देताना : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

तयार झालेला व्हिडिओ दुसऱ्याला पाठवणे आता कोणालाच अवघड वाटत नाही. पण ज्यावर समोरच्या व्यक्तीला पुढे काम करता येईल असा संकलनाचा अख्खा प्रोजेक्ट पाठवायचा म्हटले, की जाणत्या माणसांचीही तारांबळ उडते. या विषयावर आलेल्या पत्रांतील निवडक प्रश्न येथे घेतले आहेत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : मी प्रीमियर प्रोवर एका माहितीपटाचे संकलन करत आहे. उरलेले काम माझी सहकारी पूर्ण करणार असल्यामुळे मी तिला प्रोजेक्टची फाइल ईमेलने पाठवली. तिच्या संगणकावर फाइल उघडते, टाइमलाइनवरचे, म्हणजे क्लिप क्रमाने मांडायच्या पट्टीवरचे, सगळे तुकडे जागच्या जागी दिसतात, परंतु चित्राच्या ठिकाणी लाल पडद्यावर 'मीडिया ऑफलाइन' असा मजकूर येतो. फाइल पाठवताना बिघडली असेल का? आणि नेमके काय काय पाठवायला हवे होते?

उत्तर : आपली फाइल बिघडलेली नाही. प्रोजेक्टच्या फाइलमध्ये मुळात चित्रही नसते आणि आवाजही नसतो. डिस्कवर कोणत्या ठिकाणी कोणती क्लिप ठेवलेली आहे, तिचा कोणता भाग घेतला आहे, तो कोणत्या ट्रॅकवर कोणत्या क्षणी सुरू होतो आणि त्यावर कोणते इफेक्ट लावले आहेत, एवढ्याच नोंदी तिच्यात असतात. प्रीमियरची प्रोजेक्ट फाइल म्हणजे दाबून लहान केलेला एक्सएमएल मजकूर आहे, आणि म्हणूनच शेकडो जीबींच्या चित्रणावर उभा असलेला प्रोजेक्टही काही एमबींत मावतो. आपण सहकाऱ्याला पत्ता कळवला, पण त्या पत्त्यावरचे घर आपल्याच संगणकात राहिले.

क्लिपची नोंद कशी असते हे जवळून पाहिले, तर पुढच्या बहुतेक अडचणी आपोआप उलगडतात. समजा, आपल्याकडे एक मुलाखत ई ड्राइव्हवर, 'माहितीपट' या फोल्डरात, त्यातील 'चित्रण' आणि त्यातील 'कार्ड ०२' या फोल्डरात 'सी०००१' या नावाने ठेवलेली आहे. प्रोजेक्ट ही संपूर्ण वाट लक्षात ठेवतो. समोरच्या संगणकावर तीच डिस्क एफ ड्राइव्ह म्हणून लागली, किंवा मधल्या एखाद्या फोल्डराचे नाव कोणी बदलले, की वाट तुटते. क्लिप डिस्कवर असूनही प्रोजेक्टला ती सापडत नाही. अशा वेळी 'लिंक मीडिया' या खिडकीतून एक क्लिप शोधून दाखवली, की तिच्या आसपासच्या बाकीच्या क्लिप प्रीमियर स्वतःच जोडून घेतो. मात्र येथे एक खरा धोका आहे. अनेक कॅमेरे कार्ड बदलले की क्रमांक पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात, त्यामुळे 'कार्ड ०१' मध्येही 'सी०००१' असते आणि 'कार्ड ०२' मध्येही असते. केवळ नावावरून जोडणी झाली, तर एका व्यक्तीच्या मुलाखतीच्या जागी दुसरीच व्यक्ती बोलू लागते, आणि टाइमलाइन वरवर पाहता इतकी व्यवस्थित दिसते की ही चूक कित्येक दिवस कोणाच्या लक्षात येत नाही. म्हणून प्रत्येक कार्डासाठी वेगळे फोल्डर ठेवावे, आणि जोडणी करताना नावाबरोबर क्लिपचा सुरुवातीचा टाइमकोडही (फ्रेमची तास, मिनिट, सेकंद अशी वेळेची नोंद) जुळवला जाईल अशी खूण त्या खिडकीत आठवणीने लावावी. कार्डाच्या आतली फोल्डरेही मोडू नयेत. काही कॅमेरे एकच लांब चित्रण अनेक फाइलींत तोडून ठेवतात आणि ते पुन्हा सलग जोडण्याची माहिती शेजारच्या लहान फाइलींत असते.

आता पाठवण्याविषयी. प्रीमियरच्या फाइल मेनूत 'प्रोजेक्ट मॅनेजर' आहे. त्यातला 'कलेक्ट फाइल्स अँड कॉपी टू न्यू लोकेशन' हा पर्याय निवडला, की टाइमलाइनला लागणाऱ्या सर्व क्लिप आणि प्रोजेक्टची नवी प्रत एका जागी गोळा होते. दुसरा पर्याय 'कन्सॉलिडेट अँड ट्रान्सकोड' असा आहे. त्यात वापरलेले तुकडेच नव्या स्वरूपात उतरवून घेता येतात आणि प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांना थोडे जास्तीचे चित्रण ठेवता येते. संकलन संपून फक्त शेवटचा हात फिरवायचा असेल, तेव्हा हा दुसरा पर्याय जागा वाचवतो. आपल्या बाबतीत मात्र सहकारी पुढचे संकलन करणार आहे, आणि तिला न वापरलेल्या चित्रणातूनही शोधाशोध करावी लागणार आहे. तेव्हा न वापरलेल्या क्लिप वगळण्याची खूण मुळीच लावू नये.

तरीही माझे स्पष्ट मत असे आहे, की प्रोजेक्ट मॅनेजरवर विसंबण्यापेक्षा पहिल्या दिवसापासून सगळे सामान एकाच मुख्य फोल्डरात ठेवणे आणि वेळ आली की तो फोल्डर जसाच्या तसा उचलून देणे अधिक चांगले. प्रोजेक्ट मॅनेजर आपण केलेली फोल्डरांची मांडणी राखत नाही, सगळ्या क्लिप एका ढिगात आणून टाकतो. आफ्टर इफेक्ट्स या इफेक्ट करण्याच्या सॉफ्टवेअरमधून थेट जोडलेल्या कॉम्पोझिशन, म्हणजे तेथे तयार केलेल्या रचना, तो गोळा करत नाही. फॉन्ट आणि प्लगइन, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये वेगळे बसवलेले जादा इफेक्ट, हेही त्याच्या कक्षेत येत नाहीत. डेस्कटॉपवरून ओढून आणलेले बोधचिन्ह, डाउनलोड्समध्ये पडून राहिलेले पार्श्वसंगीत, घाईघाईत फोनवरून घेतलेले एखादे छायाचित्र या वस्तू नेमक्या मुख्य फोल्डराबाहेर राहतात आणि दुसऱ्याच्या संगणकावर लाल पडदा बहुतेक वेळा त्यांच्याच जागी दिसतो.

फॉन्टचा प्रश्न लहान दिसतो, पण तो चांगलाच जाच देतो. समोरच्या संगणकावर तो फॉन्ट नसेल तर त्याऐवजी दुसरा बसवला जातो, ओळी वेगळ्या ठिकाणी तुटतात आणि देवनागरीत तर जोडाक्षरांचे रूपही बदलू शकते. फॉन्टची फाइल सोबत द्यावी, परंतु परवाना तशी मुभा देतो का हे आधी पाहावे. परवाना देत नसेल तर नाव कळवून समोरच्याला तो स्वतः घ्यायला सांगावे. जी शीर्षके पक्की झाली आहेत, किंवा ज्या दृश्यांवर सहकाऱ्याकडे नसलेले प्लगइन वापरलेले आहेत, ती प्रोरेस ४४४४ सारख्या पारदर्शकता राखणाऱ्या स्वरूपात वेगळी रेंडर करून, म्हणजे तयार व्हिडिओ म्हणून काढून, सोबत ठेवावीत. मूळ शीर्षक खालच्या ट्रॅकवर बंद करून ठेवले, म्हणजे दोन्ही वाटा खुल्या राहतात. रंगसंस्कारासाठी बाहेरून आणलेले लट (एलयूटी, म्हणजे रंग बदलण्याचे तयार तक्ते) असतील, तर त्यांच्या फाइलीही याच मुख्य फोल्डरात आणून ठेवाव्यात.

डिस्कवरून द्यायचे असेल, तर डिस्क कशी फॉरमॅट केली आहे हे पाहावे. मॅकवर एनटीएफएस डिस्कवरचे वाचता येते पण तिच्यावर लिहिता येत नाही, विंडोजला एपीएफएस डिस्क वाचता येत नाही, आणि एफएटी३२ डिस्कवर ४ जीबीपेक्षा मोठी एकही फाइल मावत नाही. दोन्हीकडे चालणारा सोयीचा पर्याय म्हणजे एक्सफॅट. मात्र लिहिणे मध्येच तुटले तर सावरून घेण्याची सोय त्यात नसते, म्हणून 'इजेक्ट' केल्याशिवाय अशी डिस्क कधीही काढू नये.

देण्यापूर्वी एक चाचणी न चुकता करावी. नव्या डिस्कवरची प्रत उघडण्याआधी आपल्या संगणकावरच्या मूळ फोल्डराचे नाव तात्पुरते बदलावे किंवा मूळ डिस्क काढून ठेवावी, आणि मग टाइमलाइन पहिल्या फ्रेमपासून शेवटपर्यंत सरकवून पाहावी. मूळ सामान जागेवर असताना केलेली तपासणी व्यर्थ असते, कारण प्रोजेक्ट गुपचूप जुन्याच ठिकाणाहून क्लिप उचलत राहतो आणि सगळे ठीक आहे असा आपला समज होतो. सोबत एक साधी मजकुराची फाइल ठेवावी. सॉफ्टवेअरची आवृत्ती, फ्रेमरेट (सेकंदाला किती फ्रेम), चित्राचा आकार, फॉन्ट व प्लगइन यांची नावे, आणि अनेक टाइमलाइनांपैकी सध्या चालू असलेली कोणती, एवढे तिच्यात लिहिलेले असले तरी पुरेसे आहे. 'फायनल', 'फायनल नवी' आणि 'फायनल शेवटची' अशा तीन टाइमलाइनांतून योग्य ती ओळखण्याची जबाबदारी सहकाऱ्यावर टाकणे योग्य नाही.

प्रश्न : मी दा विंची रिझॉल्व्ह वापरतो. माझ्या संगणकावर प्रोजेक्टची फाइलच सापडत नाही. मग द्यायचे काय? फायनल कट प्रो वापरणाऱ्या मैत्रिणीचीही अशीच अडचण आहे.

उत्तर : रिझॉल्व्ह आपले प्रोजेक्ट सुट्या फाइलींत न ठेवता स्वतःच्या डेटाबेसमध्ये, म्हणजे प्रोजेक्ट लायब्ररीत ठेवतो, म्हणून फोल्डरांत शोधून ती फाइल हाती लागत नाही, प्रोजेक्ट तेथून बाहेर काढावा लागतो. 'एक्स्पोर्ट प्रोजेक्ट' केल्यावर डीआरपी फाइल मिळते, परंतु तिच्यात क्लिप नसतात. समोरच्याकडे तेच चित्रण आधीपासून असेल तेव्हा ती पुरते. नसेल, तर प्रोजेक्ट मॅनेजरमध्ये प्रोजेक्टवर राइट क्लिक करून 'एक्स्पोर्ट प्रोजेक्ट आर्काइव्ह' निवडावे. त्यातून डीआरए नावाचा फोल्डर तयार होतो आणि त्यात प्रोजेक्टसोबत सर्व क्लिप येतात. रेंडर कॅशे (वेगासाठी सॉफ्टवेअरने साठवलेल्या तात्पुरत्या फाइली) सोबत देण्याचे कारण नाही, ती पुन्हा तयार होते. हा फोल्डर समोरच्याने आधी त्याच्या कायमच्या जागी ठेवावा आणि मगच 'रिस्टोअर' करावा, कारण त्यानंतर प्रोजेक्ट त्याच फोल्डरातून क्लिप वाचत राहतो. पेन ड्राइव्हवरूनच रिस्टोअर केले आणि पेन ड्राइव्ह काढून नेला, की सगळे ऑफलाइन होते. आपण सशुल्क स्टुडिओ आवृत्ती वापरत असाल आणि समोर मोफत आवृत्ती असेल, तर नॉइज रिडक्शनसारखे स्टुडिओपुरते राखून ठेवलेले इफेक्ट तेथे चालणार नाहीत हेही ध्यानात ठेवावे.

फायनल कट प्रोची लायब्ररी एका फाइलसारखी दिसत असली, तरी चित्रण तिच्या आत असू शकते किंवा बाहेरही असू शकते. पाठवण्यासाठी नवी लायब्ररी करावी, तीत फक्त तो प्रोजेक्ट उतरवून घ्यावा, आणि 'कन्सॉलिडेट लायब्ररी मीडिया' ही आज्ञा देऊन सारे चित्रण आत आणावे. लायब्ररीचा आकार अपेक्षेपेक्षा फारच लहान दिसला, तर चित्रण अजून बाहेरच आहे असे समजावे. मोफत सॉफ्टवेअरांपैकी केडेनलाइव्हमध्ये 'अर्काइव्ह प्रोजेक्ट' ही सोय तयारच आहे. शॉटकटमध्ये प्रोजेक्टची फाइल आणि क्लिप एकाच फोल्डरात ठेवल्या, तर तो फोल्डर कोठेही हलवला तरी वाट तुटत नाही.

प्रश्न : माझा सहकारी दुसऱ्या शहरात आहे. आमच्याकडे आठ तासांचे फोर-के चित्रण आहे आणि माझ्या इंटरनेटचा अपलोडचा वेग १० एमबीपीएस आहे. सगळे चित्रण पाठवण्याऐवजी हलक्या प्रती पाठवून काम भागेल का? नंतर मूळ चित्रण परत जोडता येते का?

उत्तर : भागेल, आणि आपल्या परिस्थितीत हाच शहाणपणाचा मार्ग आहे. कॅमेरा १०० एमबीपीएसने चित्रण करत असेल, तर एका तासाचे सुमारे ४५ जीबी होतात आणि आठ तासांचे ३६० जीबी. आपल्या वेगाने ते चढवायला, एकही खंड पडला नाही असे धरले तरी, ८० तास लागतील. त्याच चित्रणाच्या ५ एमबीपीएसच्या हलक्या प्रती, म्हणजे प्रॉक्सी, केल्या तर सगळे मिळून १८ जीबी होतात आणि चार तासांत चढतात. पुढची देवाणघेवाण तर आणखी सोपी असते, कारण सहकाऱ्याने दर वेळी फक्त प्रोजेक्टची लहानशी फाइल परत पाठवायची आणि आपण ती मूळ चित्रणावर उघडायची.

मात्र प्रॉक्सी सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या व्यवस्थेतूनच कराव्यात, आणि त्या क्लिपला 'प्रॉक्सी' म्हणूनच जोडलेल्या असाव्यात. काही जण लहान आकाराच्या प्रती करून त्यांवरच थेट संकलन करतात आणि शेवटी त्यांच्या जागी मूळ क्लिप बसवतात. तसे केले की चित्राचा आकार बदलल्यामुळे मोठे केलेले, सरकवलेले, कातरलेले प्रत्येक दृश्य आपल्या जागेवरून हलू शकते. प्रॉक्सी म्हणून जोडलेली प्रत मात्र मूळ क्लिपच्या मापातच दाखवली जाते, त्यामुळे हा घोळ होत नाही. प्रॉक्सीचा फ्रेमरेट, लांबी, टाइमकोड आणि आवाजाच्या चॅनेलांची संख्या मूळ क्लिपशी तंतोतंत जुळली पाहिजे. चार चॅनेलांच्या क्लिपची दोन चॅनेलांची प्रॉक्सी केली, तर प्रीमियर ती जोडून घेत नाही. एच.२६४ मधल्या प्रॉक्सी आकाराने लहान असतात पण उलगडायला संगणकाला जड जातात. प्रोरेस प्रॉक्सी भरभर चालतात, पण १०८० चित्राला त्या ताशी सुमारे २० जीबी घेतात. आपल्याला पाठवण्याचीच अडचण असल्यामुळे एच.२६४ घ्यावे आणि सहकाऱ्याचा संगणक फारच अडखळू लागला, तर प्रॉक्सी आणखी लहान आकाराच्या कराव्यात.

फोनवर केलेल्या चित्रणाबाबत एक गोष्ट विशेष काळजीची आहे. फोन बहुधा स्थिर फ्रेमरेट राखत नाहीत. उजेड कमी झाला की फ्रेमची संख्याही बदलते. अशा क्लिपच्या प्रॉक्सी आणि मूळ फाइली यांच्यात हळूहळू अंतर पडून ओठांची हालचाल आणि आवाज यांचा मेळ सुटू शकतो. म्हणून फोनच्या क्लिप आधी स्थिर फ्रेमरेटच्या फाइलींत रूपांतरित कराव्यात, त्या रूपांतरित फाइलींनाच मूळ मानावे आणि मग त्यांच्या प्रॉक्सी कराव्यात. त्याचप्रमाणे मेसेजिंग ॲपवरून व्हिडिओ म्हणून पाठवलेली क्लिप दाबली जाते आणि तिचे नावही बदलते, तेव्हा तो मार्ग कटाक्षाने टाळावा. गूगल ड्राइव्हसारख्या ठिकाणाहून मोठा फोल्डर उतरवून घेताना तो अनेक झिप फाइलींत विभागून येतो. त्या सगळ्या एकाच जागी उघडून एक फोल्डर करावा, आणि फाइलींची संख्या व एकूण बाइट दोन्हीकडे सारखे आहेत ना हे पाहूनच प्रोजेक्ट उघडावा.

शेवटचे रेंडर मूळ चित्रण ज्याच्याकडे आहे त्यानेच करावे, आणि रंगसंस्कारही मूळ चित्रणावरच व्हावेत. प्रॉक्सीत रंगांची बारीक माहिती गळालेली असते, त्यामुळे तिच्यावर बेतलेला निर्णय मूळ चित्रावर वेगळाच दिसतो.

प्रश्न : मी प्रीमियर वापरते आणि रंगसंस्कार करणारे रिझॉल्व्ह वापरतात. ध्वनिसंयोजक प्रो टूल्सवर काम करतात. माझा प्रोजेक्ट त्यांच्याकडे जसाच्या तसा उघडेल का?

उत्तर : प्रोजेक्टची फाइल उघडणार नाही, पण टाइमलाइन पोहोचवता येईल. रिझॉल्व्हसाठी एक्सएमएल, प्रो टूल्ससाठी एएएफ, हे टाइमलाइनच्या नोंदी फाइलीतून नेण्याचे रुळलेले मार्ग आहेत. ईडीएल, म्हणजे कटांची यादी, हा सर्वांत जुना आणि सर्वांत साधा मार्ग आहे. सीएमएक्स ३६०० या स्वरूपातली ईडीएल एका वेळी चित्राचा एकच ट्रॅक सांगू शकते, म्हणून ट्रॅक अनेक असतील तर तिचा उपयोग मर्यादित राहतो. पिक्सारमध्ये सुरू झालेले आणि आता ॲकॅडमी सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या देखरेखीखाली असलेले ओपनटाइमलाइनआयओ हे खुले स्वरूपही अलीकडे काही सॉफ्टवेअर ओळखू लागले आहेत.

या कोणत्याही मार्गाने कट, त्यांचा क्रम, क्लिपची सुरुवात आणि शेवट, साधे डिझॉल्व्ह (एक दृश्य विरत दुसरे उमटणे) एवढे बहुधा नीट पोहोचते. शीर्षके, बाहेरचे इफेक्ट, प्रीमियरमध्ये केलेले रंगसंस्कार आणि वेग कमीजास्त होत जाणारी दृश्ये यांचा भरवसा धरू नये. म्हणून पाठवण्यापूर्वी टाइमलाइनची वेगळी प्रत काढावी, तिच्यातील बंद पडलेल्या क्लिप काढून टाकाव्यात, एकात एक बसवलेल्या टाइमलाइन सोडवून घ्याव्यात, आणि चित्र शक्य तितक्या खालच्या, मोजक्या ट्रॅकवर उतरवावे. हे काम कंटाळवाणे आहे, पण ते संकलकानेच करायचे असते, कारण कोणता थर खरा आणि कोणता नुसता विचार करताना राहून गेलेला, हे त्यालाच माहीत असते. ध्वनिसंयोजकांना एएएफ देताना प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांना काही सेकंदांचा आवाज जादा द्यावा, म्हणजे त्यांना सांधे मऊ करता येतात. संवाद, पार्श्वध्वनी आणि संगीत हे वेगवेगळ्या ट्रॅकवर असावेत.

यासोबत आपल्या टाइमलाइनचा एक सपाट, पाहण्यापुरता व्हिडिओ, ज्यावर टाइमकोड कायमचा उमटवलेला आहे, तो पाठवणे मी अनिवार्य मानतो. समोरची व्यक्ती तो आपल्या टाइमलाइनच्या वर ठेवून एकेक कट जुळवून पाहू शकते, आणि 'तिसऱ्या मुलाखतीनंतर काहीतरी चुकले आहे' अशा मोघम निरोपाऐवजी नेमकी फ्रेम सांगू शकते. टाइमलाइन रंगसंस्कारांसाठी गेल्यावर आपण तिच्यात कट बदलायचे नाहीत, हेही दोघांनी आधी ठरवावे. बदल अटळ असेल, तर फक्त बदललेला भाग आणि त्याचा टाइमकोड वेगळा कळवावा.

प्रश्न : आम्ही दोघे एकाच वेळी काम करतो. प्रोजेक्टची फाइल क्लाउडवरच्या सामाईक फोल्डरात ठेवली आहे. काल माझे दोन तासांचे काम नाहीसे झाले आणि फोल्डरात त्याच फाइलची दुसरी एक प्रत दिसू लागली. असे का व्हावे?

उत्तर : आपण दोघांनी एकच फाइल एकाच वेळी उघडून वेगवेगळी जतन केली. क्लाउडच्या फोल्डराला दोघांचे बदल एकमेकांत मिसळता येत नाहीत, त्यामुळे ज्याची प्रत उशिरा पोहोचली ती वेगळ्या नावाने ठेवली जाते. आपले काम बहुधा त्या दुसऱ्या प्रतीत सुरक्षित असेल. ती उघडून पाहावी आणि तिच्यातली टाइमलाइन मुख्य प्रोजेक्टमध्ये आयात करून घ्यावी. क्लिप सामाईक फोल्डरात असायला हरकत नाही, त्या बदलत नाहीत. प्रोजेक्टच्या फाइलीचे मात्र वेगळे नियम हवेत. एका वेळी एकानेच ती उघडावी, काम संपले की तारीख आणि आपली आद्याक्षरे घालून नव्या नावाने जतन करावी, आणि फाइल पूर्ण चढल्याची खूण दिसल्यावरच दुसऱ्याला कळवावे. कॅशे आणि प्रीव्ह्यूच्या फाइली सामाईक फोल्डराबाहेर ठेवाव्यात, नाहीतर सारे इंटरनेट त्यांच्याच चढउतारात खर्ची पडते.

खरोखरच एकाच वेळी काम करायचे असेल, तर त्यासाठीच घडवलेल्या व्यवस्था वापराव्यात. ॲव्हिड या संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये बिन, म्हणजे क्लिप ठेवायचे फोल्डर, लॉक होते, म्हणजे एक जण त्यात काम करत असताना इतरांना ते फक्त पाहता येते. प्रीमियरच्या २०२० साली आलेल्या 'प्रॉडक्शन्स' व्यवस्थेत मोठे काम लहान लहान प्रोजेक्टांत विभागले जाते आणि प्रत्येकाला असेच कुलूप लागते. रिझॉल्व्हच्या सहयोगी पद्धतीतही बिन आणि टाइमलाइन यांना कुलूप लागते; २०२२ सालच्या अठराव्या आवृत्तीपासून प्रोजेक्ट लायब्ररी ब्लॅकमॅजिक क्लाउडवर ठेवण्याचीही सोय झाली आहे. कामाचे भाग कसे पाडायचे हे मात्र दोघांनी बसून ठरवावे लागते. प्रकरणांनुसार भाग पाडले तर कामे एकमेकांच्या आड येत नाहीत.

प्रश्न : सहकाऱ्याकडे सॉफ्टवेअरची माझ्यापेक्षा जुनी आवृत्ती आहे. त्यांना प्रोजेक्ट उघडता येत नाही.

उत्तर : नव्या आवृत्तीतला प्रोजेक्ट जुनीत सहसा उघडत नाही, आणि जुना प्रोजेक्ट एकदा नव्या आवृत्तीत नेऊन जतन केला की परतीची वाट बंद होते. फाइलमधला आवृत्तीचा आकडा हाताने बदलण्याची युक्ती काही जण सांगतात, पण नव्या आवृत्तीतले जे इफेक्ट जुनीला ठाऊकच नाहीत त्यांचे काय होईल याची शाश्वती नसते, म्हणून ती मी सुचवणार नाही. एक्सएमएलने टाइमलाइन पाठवावी, आणि पुढच्या कामासाठी सुरुवातीलाच एक आवृत्ती ठरवून ते काम संपेपर्यंत दोघांनीही ती बदलू नये.

प्रश्न : काम पूर्ण झाल्यावर ग्राहकाने व्हिडिओबरोबर संपादनक्षम प्रोजेक्टही मागितला आहे. द्यावा का? देताना काय पाहावे?

उत्तर : द्यावा की नाही, हे काम घेतानाच लेखी ठरायला हवे, कारण तयार व्हिडिओ आणि प्रोजेक्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात फलित असते, दुसऱ्यात आपली सारी कामाची पद्धत, साचे आणि तयारी असते, आणि तिचे वेगळे मानधन मागणे पूर्णपणे रास्त आहे. आधी काहीच ठरले नसेल, तर आता मोकळेपणाने बोलून ठरवावे. आपण विकत घेतलेले संगीत, फॉन्ट, प्लगइन आणि साचे यांचे परवाने बहुधा आपल्या नावावर असतात आणि ते दुसऱ्याच्या हाती देता येतातच असे नाही. म्हणून त्यांची यादी द्यावी आणि ग्राहकाने स्वतःचे परवाने घ्यावेत असे लिहून कळवावे.

यापेक्षाही नाजूक बाब चित्रणातल्या माणसांची आहे. मुलाखत देणारी व्यक्ती मध्येच थांबून 'हे ठेवू नका' असे म्हणाली असेल, तर ते वाक्य अंतिम व्हिडिओत नसते, पण कच्च्या क्लिपमध्ये असते. जे आपल्यावर विश्वास ठेवून ते बोलले, त्यांच्या परवानगीशिवाय ते तिसऱ्याच्या हाती जाऊ नये. येथे 'कन्सॉलिडेट अँड ट्रान्सकोड' खऱ्या अर्थाने उपयोगी पडते, कारण त्यातून वापरलेले तुकडेच जातात. टोकांना ठेवायचे जास्तीचे चित्रण मात्र शून्य करावे, नाहीतर नको असलेले वाक्य त्या काही सेकंदांतून निसटू शकते. जुन्या टाइमलाइन, मार्करवर लिहिलेले शेरे आणि दुसऱ्या कामातून आलेल्या क्लिप काढून टाकाव्यात. फोनच्या क्लिपमध्ये चित्रणाच्या ठिकाणाचीही नोंद असू शकते, हे विसरू नये.

प्रश्न : मी फोनवरच्या ॲपमध्ये संकलन करते. बहिणीच्या फोनवर तोच प्रोजेक्ट पुढे चालू ठेवता येईल का?

उत्तर : ते ॲपवर अवलंबून आहे. आयफोनवरच्या आयमूव्हीत शेअर करताना पर्यायांत 'प्रोजेक्ट' निवडले, की व्हिडिओऐवजी प्रोजेक्टची फाइल जाते आणि ती दुसऱ्या आयफोनवर किंवा मॅकवरच्या आयमूव्हीत उघडता येते. काइनमास्टरमध्येही प्रोजेक्ट बाहेर काढून दुसऱ्या उपकरणावर आयात करता येतो. दोन्हीकडे ॲप अद्ययावत असावे आणि ज्या फोनवर घ्यायचे आहे त्यात पुरेशी मोकळी जागा असावी.

ज्या ॲपमध्ये अशी सोयच नाही, तेथे प्रोजेक्ट त्या फोनपुरताच राहतो. अशा वेळी शीर्षके, स्टिकर आणि संगीत बंद करून नुसत्या कटांचा एक स्वच्छ व्हिडिओ उपलब्ध असलेल्या सर्वांत वरच्या दर्जात काढावा, संगीत आणि निवेदन यांच्या फाइली वेगळ्या द्याव्यात, त्या किती मिनिट किती सेकंदांना सुरू होतात हे लिहून द्यावे आणि मूळ क्लिपही सोबत द्याव्यात. स्वच्छ व्हिडिओवर बहीण नवी शीर्षके आणि संगीत बसवू शकेल, आणि एखादे दृश्य लांबवायचे किंवा बदलायचे झाले तर तेवढ्यापुरती मूळ क्लिप वापरील.